ताजा कलम : सूक्ष्म आरएनए आणि कर्करोग यांचा अल्प इतिहास

घरापासून दूर, परप्रांतात ज्यांनी नोकरीची वर्षे काढली, त्यांना पत्राची एक खूण चांगली ठाऊक असते. पत्रे येत असत त्या काळी घरच्या पत्रात क्षेमकुशल, पाऊसपाणी, भावंडांच्या परीक्षा असा सारा मजकूर यथासांग येऊन जाई. खाली सही होई. आणि सहीच्याही खाली, उरलेल्या बोटभर जागेत, दोन ओळी असत : 'ता. क. आईला अधूनमधून ताप येतो. काळजीचे कारण नाही. रजा मिळाल्यास येऊन जावे.' ज्याने पत्र सहीपर्यंत वाचून त्याची घडी केली, त्याला पत्र कळलेच नाही असे म्हणावे लागेल. वरच्या मजकुराचे काय करावयाचे, ते त्या ताज्या कलमाने ठरत असे.

आपल्या देहातील पेशींच्या पत्रव्यवहारातही असा एक ताजा कलम असतो. जीवशास्त्राने मात्र तीस वर्षे ती पत्रे सहीपर्यंतच वाचली. सहीखालच्या मजकुराला अर्थ आहे, त्यावर खूण करणारा एक अतिशय लहान लेखनिक पेशीत वावरत असतो आणि त्या लेखनिकाच्या गैरहजेरीचा कर्करोगाशी संबंध पोहोचतो, हे कळावयास १९९३ ते २००२ ही वर्षे लागली. तो शोध कसा लागला, त्यातून रोगाचे निदान कोठवर आले आणि उपचार कोठे अडला, याचा वृत्तांत येथे द्यावयाचा आहे. ही नुसत्या विजयाची कथा नाही. पत्र वाचता येणे ही एक विद्या आहे आणि पत्र लिहिता येणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर रुग्णांच्या प्राणांनी मोजावे लागले आहे.

प्रथम त्या पत्रव्यवहाराची रीत पाहू. पेशीच्या केंद्रकात डीएनए हे मूळ दप्तर असते. ते बाहेर जात नाही. जे प्रथिन घडवावयाचे असेल त्याच्या जनुकाची एक नक्कल काढली जाते आणि ती नक्कल केंद्रकाबाहेरच्या कारखान्यात पाठविली जाते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिचे अस्तित्व १९६१ साली सिद्ध झाले. कारखाना तिच्यातील अक्षरे तीन-तीन करून वाचतो आणि त्यांबरहुकूम प्रथिन गुंफतो. वाचता वाचता 'येथे थांबावे' अशी खूण आली, की काम संपते. परंतु नक्कल तेथे संपत नाही. थांबण्याच्या खुणेपुढेही तिचे एक लांब शेपूट उरते, आणि त्यातून प्रथिन तयार होत नाही. मनुष्याच्या डीएनएपैकी प्रथिनांचा पाठ असलेला भाग दोन टक्क्यांहून कमी भरतो. उरलेल्याला पुष्कळ वर्षे अडगळ समजण्यात येत असे, आणि संदेशाच्या शेपटाकडेही याच नजरेने पाहण्याचा प्रघात होता.

हा प्रघात मोडला तो एका कृमीने. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा पारदर्शक जीव सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिज येथे अभ्यासासाठी निवडला. निवडीचे कारण साधे होते. त्याच्या प्रौढ देहात जननपेशी सोडून अवघ्या ९५९ पेशी असतात आणि प्रत्येक पेशी कोणत्या पेशीपासून, केव्हा जन्मली, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. जणू एखाद्या घराण्याची संपूर्ण वंशावळच हाती यावी. या कृमींत काही सदोष वाण सापडले. त्यांपैकी एकाच्या पेशी वयात येईनात. पहिल्या अवस्थेतील अळीच्या पेशींनी जे करावयाचे, तेच त्या पुनःपुन्हा करीत राहत. कृमी मोठा होई, पण अंडी बाहेर टाकण्याचे द्वारच त्याला तयार होत नसे. अंडी पोटातच साठत. या दोषाच्या जनुकाला 'लिन-४' असे नाव पडले. 'लिन-१४' या दुसऱ्या जनुकाचे काही वाण याच्या अगदी उलट वागत. बालपणाच्या पायऱ्या गाळून ते थेट पुढच्या पायरीवर जात.

व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्कन हे दोघे तरुण संशोधक १९८०च्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज नगरात रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत एकत्र आले. पुढे दोघांनी आपापल्या प्रयोगशाळा थाटल्या आणि कामाची वाटणी करून घेतली : लिन-४ अॅम्ब्रोस यांच्याकडे, लिन-१४ रव्कन यांच्याकडे. लिन-४ हा लिन-१४ला आवर घालतो, इतके अॅम्ब्रोस यांनी दाखविले होते. हा आवर घालणारे प्रथिन कोणते, एवढाच प्रश्न उरला आहे असे वाटत होते. रोझलिंड ली आणि राँडा फाइनबाउम यांनी अॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत त्या जनुकाचा पाठलाग करीत करीत त्याला डीएनएच्या एका लहानशा तुकड्यात गाठले. त्या तुकड्यात प्रथिनाचा पाठ नव्हताच! निघाला तो केवळ २२ अक्षरांचा आरएनएचा एक कण, आणि त्याच्या जोडीला त्याचेच ६१ अक्षरांचे लांब रूप. तिकडे रव्कन यांच्याकडे असे दिसून आले होते, की लिन-१४चा संदेश तयार होतो, परंतु त्याचे प्रथिन मात्र योग्य वेळी बंद पडते, आणि हे बंद पाडण्याची किल्ली संदेशाच्या शेपटात आहे.

जून १९९२मध्ये दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांस कळविली. ती शेजारी शेजारी मांडताच उलगडा झाला. लिन-४ची अक्षरे लिन-१४च्या शेपटातील अक्षरांशी जुळत होती, आणि तीही एकदा नव्हे, सात ठिकाणी. तो इवलासा आरएनए संदेशाच्या ताज्या कलमाला जाऊन बिलगत होता आणि वरचा सगळा हुकूम स्थगित करीत होता. कचेरीत अनुभव घेतलेल्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. आदेश निघालेला असतो, त्याखाली सहीही असते, पण फाइलच्या कडेला कोणीतरी 'तूर्त थांबावे' असा शेरा मारतो आणि कारखाना थांबतो. डिसेंबर १९९३मध्ये हे दोन्ही निबंध 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

त्यांचा गवगवा झाला नाही. एका कृमीच्या एका जनुकाची ही लकब असेल, असे बहुतेकांनी मानले. सात वर्षे गेली. २००० साली रव्कन यांच्या प्रयोगशाळेत त्याच कृमीत 'लेट-७' हा दुसरा लहान आरएनए सापडला, आणि त्याच वर्षी असे दिसून आले, की लेट-७ माशीत आहे, माशात आहे आणि मनुष्यातही आहे. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत ज्या शेऱ्याचे अक्षर बदलले नाही, तो शेरा निरर्थक असणे शक्य नव्हते. २००१ साली तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी अशा आरएनएंच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि या वर्गाला 'मायक्रो आरएनए', म्हणजे सूक्ष्म आरएनए, हे नाव रूढ झाले. आज मनुष्यातील दोन हजारांहून अधिक सूक्ष्म आरएनएंची नोंद आहे, जरी त्यांतील सर्वच खरे नाहीत असा जाणत्यांचा अभिप्राय असला तरी. एक सूक्ष्म आरएनए एकाच नव्हे तर शेकडो संदेशांवर शेरा मारू शकतो, आणि एका संदेशावर अनेकांचे शेरे पडू शकतात. हा शेरा पुष्कळदा संपूर्ण मनाईचा नसतो. 'जरा कमी करावे' एवढाच त्याचा आशय असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे औषधाच्या वेळी तीच आडवी आली.

कर्करोगाशी या साऱ्याचा संबंध कसा जोडला गेला, ते आता पाहावयाचे. ज्या कृमीच्या पेशी वयात येत नाहीत आणि बालपणीचेच विभाजन पुनःपुन्हा करीत राहतात, त्यांच्यात कर्करोगाची छाया दिसावी हे आज आपणांस सहज वाटते. परंतु शोध त्या वाटेने आला नाही; तो आला रक्ताच्या एका रोगाच्या वाटेने.

लसिकापेशींचा दीर्घकालीन रक्तकर्करोग हा उतारवयात होणारा, पुष्कळदा सावकाश चालणारा आजार आहे. याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक विशिष्ट तुकडा गळालेला असतो, हे जुन्या निरीक्षणांवरून माहीत होते. एकाच जागचा तुकडा इतक्या जणांत गळतो, तेव्हा तेथे पेशीला लगाम घालणारे एखादे जनुक असले पाहिजे, असा तर्क निघाला. निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी वर्षानुवर्षे ती जागा खणून काढली. प्रथिनांचा पाठ असलेली जी जनुके आसपास सापडली, ती रुग्णांत बिघडलेली आढळेनात. चोरी झालेली स्पष्ट दिसत होती, पण काय चोरीस गेले ते कळत नव्हते.

कार्लो क्रोचे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज कालिन यांनी फिलाडेल्फिया येथे ती जागा आकुंचित करीत सुमारे तीस हजार अक्षरांपर्यंत आणली. त्या अवधीत प्रथिनाचे कामाचे जनुक नव्हते, परंतु नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या याद्यांतील दोन सूक्ष्म आरएनए, 'मिर-१५' आणि 'मिर-१६', तेथे शेजारी शेजारी बसलेले होते. तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्क्यांत ते नाहीसे तरी झाले होते किंवा त्यांचे प्रमाण घटले होते. हा निबंध २००२च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. सूक्ष्म आरएनए आणि कर्करोग यांची गाठ घालणारा तो पहिला कागद होय. इतकी वर्षे शोधकांच्या हाती काही लागले नाही, त्याचे कारण आता उघड झाले. ज्याने फक्त प्रथिनेच मोजावयाची ठरविली, त्याच्या यादीत हरवलेली वस्तू मुळी नोंदलेलीच नव्हती.

पुढची पायरी २००५मध्ये चढली गेली. मिर-१५ आणि मिर-१६ हे 'बीसीएल-२' नावाच्या प्रथिनाच्या संदेशावर शेरा मारतात असे दिसून आले. या प्रथिनाचे काम पेशीला मरू न देणे हे आहे. शेरा मारणारे गेले, की बीसीएल-२ माजते आणि ज्या लसिकापेशींनी आपले आयुष्य संपवून जावयाचे, त्या साठत राहतात. २०१० साली उंदरांतील हाच तुकडा मुद्दाम काढून टाकल्यावर त्यांना मनुष्याच्या रोगासारखाच रोग झाला, तेव्हा संशयाला फारशी जागा उरली नाही. बीसीएल-२ला थेट अडविणारे 'व्हेनेटोक्लॅक्स' हे औषध २०१६ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले आणि अनेक रुग्णांना त्याचा गुण येतो. ते औषध सूक्ष्म आरएनएच्या संशोधनातून निघाले असे म्हणता येणार नाही. बीसीएल-२ची ओळख १९८०च्या दशकातच झालेली होती. परंतु ते लागू का पडते, याचा एक खुलासा त्या हरवलेल्या शेऱ्यांनी दिला.

दरम्यान लेट-७चीही हकीकत पुढे आली. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की फुफ्फुसाच्या कर्करोगात ज्यांचे लेट-७ घटलेले असते, ते शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगतात. २००५ साली फ्रँक स्लॅक यांच्या गटाने त्याचे कारण सुचविले : लेट-७ हा 'रास' या पेशीवाढीस चेतविणाऱ्या प्रथिनाला आवर घालतो. कृमीला वयात आणणारा शेरा मनुष्याच्या फुफ्फुसातही त्याच स्वरूपाचे काम करीत होता. याच्या उलट प्रकारही सापडला. काही सूक्ष्म आरएनए स्वतःच रोगाला साथ देतात. 'मिर-१७ ते ९२' या समूहाने उंदरांतील रक्तार्बुद लवकर येते, असे त्याच वर्षी सिद्ध झाले. तात्पर्य, चांगला शेरा हरवणे आणि वाईट शेरा जास्त होणे, असे दोन्ही दोष संभवतात.

येथून विद्येच्या दोन वाटा फुटल्या. पहिली वाट वाचण्याची, म्हणजे निदानाची.

२००५ साली टॉड गोलब यांच्या गटाने सस्तन प्राण्यांतील २१७ सूक्ष्म आरएनए ३३४ नमुन्यांत मोजले. त्यांत १७ गाठी अशा होत्या, की त्यांच्या पेशींचा चेहरामोहरा पुसला गेल्यामुळे त्या मूळ कोणत्या अवयवाच्या हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगणे कठीण होते. सूक्ष्म आरएनएंच्या प्रमाणावरून त्यांपैकी १२ बरोबर ओळखता आल्या. हजारो संदेशवाहक आरएनए मोजून हेच काम केले, तेव्हा एकच बरोबर आली. शेकडा-दोनशे शेऱ्यांची वही हजारो हुकुमांच्या दप्तरापेक्षा अधिक बोलकी ठरली. २००८ साली ४८ सूक्ष्म आरएनएंवरून २२ प्रकारच्या गाठींचे मूळ सांगणारी पद्धत प्रसिद्ध झाली. या कामात एक व्यावहारिक सोय मोठी होती. रुग्णालयांत पूर्वीच्या गाठींचे तुकडे औषधपाण्यात मुरवून मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात. त्यांतील लांब आरएनए वर्षांमागून वर्षे जाता तुटून जातात, पण सूक्ष्म आरएनए मुळातच इतके लहान, की ते बव्हंशी टिकून राहतात. त्यामुळे जुनी दप्तरे पुन्हा उघडून वाचता आली.

त्याच वर्षी आणखी मोठी आशा निर्माण झाली. मुनीश तेवारी यांच्या गटाने सिएटल येथे दाखविले, की रक्तद्रवातही सूक्ष्म आरएनए असतात, ते तेथे आश्चर्यकारक रीतीने टिकतात, आणि पुरःस्थ ग्रंथीचा पुढे पसरलेला कर्करोग असलेल्यांच्या रक्तात मिर-१४१ वाढलेले असते. सुई खुपसून गाठीचा तुकडा काढण्याऐवजी दंडातून थोडे रक्त घेतले की काम झाले! नंतरच्या काही वर्षांत या विषयावर निबंधांचा अक्षरशः पूर आला. जवळजवळ प्रत्येक कर्करोगासाठी रक्तातील खुणा जाहीर झाल्या. दुर्दैव असे, की एका प्रयोगशाळेची खूण दुसरीत मिळेना. आज वाढलेला म्हणून सांगितलेला आरएनए उद्याच्या निबंधात घटलेला निघे.

२०१२ साली तेवारी यांच्याच गटाने या गोंधळाचे एक कारण उघड केले. कर्करोगाची खूण म्हणून प्रसिद्ध झालेल्या ७९ सूक्ष्म आरएनएंपैकी ४६ हे रक्तपेशींतच विपुल असतात. रक्त काढताना किंवा नळी हलविताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, किंवा रुग्णाच्या रक्तातील पेशींची संख्या कमीजास्त असली, तरी तीच खूण दिसावयाची. पुष्कळांनी गाठीचे पत्र म्हणून जे वाचले, ते रक्तानेच लिहिलेले होते. ज्या विद्येने आशेचा बांध फोडला, तिनेच आपल्या हाताने त्या आशेला आवर घालावा, यात मला शास्त्राचा खरा मोठेपणा दिसतो. पहिल्या शोधाची जितकी कीर्ती झाली तितकी या इशाऱ्याची झाली नाही, हेही मनुष्यस्वभावास धरूनच झाले.

परंतु वाचण्याची वाट अगदीच वांझ ठरली असे नाही. वृषणाचा कर्करोग हा प्रामुख्याने तरुणांचा रोग आहे. वेळीच कळला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणूनच तो उलटला आहे की नाही, हे पुनःपुन्हा तपासावे लागते. या गाठींतून 'मिर-३७१' हा सूक्ष्म आरएनए रक्तात येतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. तो गर्भावस्थेच्या आरंभीच्या पेशींचा शेरा आहे. तेव्हा रक्तपेशी फुटल्याने फसगत होण्याची भीतीही येथे फारशी नाही. जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६१६ रुग्ण आणि २५८ इतर पुरुष होते. शंभर रुग्णांपैकी सुमारे ९० जणांत खूण सापडली आणि शंभर नीरोगींपैकी ९४ जणांना तिने योग्य प्रकारे वगळले. पूर्वीच्या तिन्ही रक्तचाचण्यांहून हे काम सरस होते. तिलाही एक मर्यादा आहे : 'टेराटोमा' नावाच्या गाठीत ही खूण उमटत नाही. यावरून एक साधा नियम निघतो. जेथे शेरा त्या रोगाचाच असतो, अन्यत्र कोठे उमटत नाही, तेथे वाचन खरे ठरते. जेथे तोच शेरा देहातील दहा खात्यांतून निघतो, तेथे तो वाचून काही निष्पन्न होत नाही.

आता दुसरी वाट, लिहिण्याची. शेरा हरवला असेल तर तो बाहेरून द्यावा. वाईट शेरा वाढला असेल तर तो पुसावा. कागदावर याहून सोपे काय असणार? २०१० साली स्लॅक यांच्या गटाने उंदरांत मिर-२१ हा शेरा वाढवून रक्तार्बुदे निर्माण केली. तो बंद करताच काही दिवसांत त्या गाठी विरघळून गेल्या. २०१३ साली एका यकृतदाहाच्या विषाणूवर, जो पुढे यकृताच्या कर्करोगासही कारण होतो, मिर-१२२ला अडविणाऱ्या औषधाची चाचणी ३६ रुग्णांवर प्रसिद्ध झाली आणि विषाणूचे प्रमाण घटलेले दिसले. पण त्याच सुमारास विषाणूवर थेट चालणाऱ्या गोळ्या आल्या आणि हे औषध मागे पडले.

कर्करोगाच्या बाबतीत सर्वांच्या नजरा मिर-३४ वर होत्या. 'पी-५३' या प्रथिनाला पेशीचा पहारेकरी मानतात. बिघडलेल्या पेशीस ते थांबविते किंवा मारते. मिर-३४ हा या पहारेकऱ्याचा हस्तक आहे, असे २००७ साली अनेक प्रयोगशाळांनी दाखवून दिले. तेव्हा मिर-३४ कृत्रिम रीतीने तयार करून, मेदाच्या सूक्ष्म थैल्यांत भरून, शिरेतून द्यावा, अशी योजना टेक्सासमधील एका कंपनीने आखली. एप्रिल २०१३मध्ये मनुष्यावरील चाचणी सुरू झाली. सूक्ष्म आरएनएची नक्कल कर्करोगाच्या रुग्णास देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ज्यांच्यावर रूढ उपचार संपले होते अशा एकूण ८५ रुग्णांना ते औषध मिळाले. तिघांच्या गाठी लक्षणीय रीतीने लहान झाल्या. आणखी काहींचा रोग काही काळ स्थिरावला. परंतु सप्टेंबर २०१६मध्ये चाचणी बंद करावी लागली. देहाच्या संरक्षक यंत्रणेने अनपेक्षित आणि उग्र प्रतिकार केला होता, आणि त्यात चार रुग्ण दगावले.

या घटनेपाशी थोडे थांबावयास हवे. चूक कोठे झाली? जो आरएनए देहात नित्य असतो, तो बाहेरून दिला तर अपाय काय होणार, अशी समजूत होती. पण पेशीच्या आत योग्य वेळी, योग्य मात्रेत निघणारा शेरा वेगळा, आणि शिरेतून सर्व देहभर ओतलेला शेरा वेगळा. बाहेरून आलेला आरएनए दिसला की देह विषाणूची शंका घेतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. शिवाय एक शेरा शेकडो संदेशांवर पडतो. गाठीतील एक हुकूम थांबवावयास गेलो, तर इतरत्र किती हुकूम थांबतील, याचा हिशेब कोणापाशी नव्हता. जी व्यापकता वाचनात उपयोगी पडली, तीच लेखनात घातक ठरण्याचा संभव होता.

सिडनी येथे मात्र मिर-१६चा एक प्रयत्न अधिक सावधपणे झाला. रोग होता फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, जो प्रायः अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्यामुळे अनेक दशकांनी होतो. रक्तकर्करोगात पहिल्याने हरवलेला आढळला तोच मिर-१६ येथेही घटलेला होता. जिवाणूंपासून काढलेल्या निर्जीव सूक्ष्म पिशव्यांत तो भरला आणि गाठीच्या पेशींस चिकटणारे प्रतिपिंड वर लावून दिला. निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तपासता आलेल्या २२ रुग्णांपैकी एकाची गाठ लहान झाली, १५ जणांचा रोग स्थिर राहिला, सहा जणांचा वाढला. याला यश म्हणावे की अपयश? पहिल्या पायरीच्या चाचणीचा मुख्य हेतू औषध सोसते की नाही हे पाहण्याचा असतो, आणि तो सफल झाला. पण एका रुग्णाच्या गुणावरून औषध सिद्ध होत नाही.

आजमितीस सूक्ष्म आरएनएचे एकही औषध कर्करोगासाठी मान्य झालेले नाही. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते लिहिलेच पाहिजे. कारण 'रक्ताच्या एका थेंबात सर्व कर्करोगांचे निदान' अशा आश्वासनांना भुलणारे आपल्यापैकीच कोणी असतात, आणि घरातील कोणी आजारी पडले म्हणजे सुशिक्षित मनुष्यही विवेक गमावतो. आपल्या देशात पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार आढळतो आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू आहे. तो ओळखावयास आरएनए मोजण्याची गरज नाही. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांची तोंडे शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी नियमितपणे तपासली, तर मृत्यू कमी होतात, हे त्रिवेंद्रम येथे झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखविले आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम हाही एक ताजा कलमच आहे. तो वाचावयास प्रयोगशाळा लागत नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये अॅम्ब्रोस आणि रव्कन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पारितोषिक औषधासाठी नव्हते. जीवसृष्टीतील एक नवा नियम दाखविल्याबद्दल होते, आणि त्या दृष्टीने ते यथायोग्यच झाले. त्या दोघांनी कर्करोगाचा विचार करून काम आरंभिले नव्हते. क्रोचे यांना रोगाचा शोध करताना अखेर कृमीच्या अभ्यासातून सुरू झालेल्या संशोधनाची यादी हाती घ्यावी लागली. ती यादी तयार नसती, तर तेराव्या गुणसूत्राची ती रिकामी जागा कदाचित आणखी पुष्कळ वर्षे रिकामीच राहिली असती.

या लेखाच्या वाचकांत ज्यांच्या सहीने सरकारी पैसा खर्च होतो असे अनेकजण असतील. त्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की मेजावर एक अर्ज आला आहे : 'एक मिलिमीटर लांबीच्या कृमीला अंडी बाहेर टाकता येत नाहीत. याचे कारण शोधावयाचे आहे. मुदत अनेक वर्षे. उपयोग सांगता येत नाही.' अमेरिकेत असे अर्ज मंजूर होत गेले, म्हणून हा इतिहास घडला. आपण त्यावर कोणता शेरा मारला असता?